चाचणीचा गणपती

“भाऊजी, तो आवाज शॉकअपचा नसेल.”

मी पिकअपखाली उताणा पडलो होतो. दातांत एक नट, हातात पान्हा. चाकापलीकडे मला फक्त दोन पाय दिसत होते. बोटांत नवीकोरी जोडवी आणि चपलांना लागलेली शाडूची माती. माझ्या धाकट्या भावाची बायको, वृंदा. लग्न होऊन जेमतेम चार महिने झाले होते.

मी नट हातात घेतला. “मग कशाचा असेल?”

“मागच्या शॅकलचा. त्यातलं रबराचं बुश झिजलं असेल.”

“शॉकअपच आहेत. गेल्याच महिन्यात बदललेत मी. माल खराब लागला.”

“म्हणजे बदलूनही आवाज आहेच ना?” तिनं अगदी साधेपणानं विचारलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

कारखान्याच्या दारातून आप्पांचा आवाज आला, “बघू दे की तिला. बघितल्यानं काय गाडी झिजते?”

मी सरपटत बाहेर आलो. आप्पा, म्हणजे माझे वडील, हात मातीनं भरलेले तसेच अंगणात आले होते. यात विशेष काय, असं तुम्हांला वाटेल. पण ती गाडी घरात येऊन अकरा वर्षं झाली होती आणि आप्पा तिच्या दुरुस्तीला कधी जवळ येऊन उभे राहिले नव्हते.

वृंदानं माझ्या भावाला हाक मारली. “अहो, जरा हौद्यात चढून उड्या मारा बघू.”

हेरंब कानावर ब्रश अडकवून बाहेर आला, हसत हसत हौद्यात चढला आणि उड्या मारायला लागला. गाडी कुरकुरली. वृंदा चाकापाशी उकिडवी बसली, पदर खोचला आणि हात आत घालून एके ठिकाणी तळवा टेकवला. “इथं हात लावा, भाऊजी.”

मी लावला. पाटा जिथं लोंबकळत्या कडीला, म्हणजे शॅकलला, जोडलेला असतो, तिथली खीळ तळव्याखाली खडखडत होती. लहान पोरालाही कळलं असतं.

“बाबा म्हणतात, गाडीतला आवाज कानानं शोधू नये, हातानं शोधावा. कान फसवतो,” ती म्हणाली. तिचे वडील महाडला एका गॅरेजात फिटर होते. त्यांना मुलगा नाही, त्यामुळे पान्हे देता देता हिचं लहानपण गेलेलं.

आप्पा हसले. मनापासून, मान हलवत. “घे मोऱ्या, दोन शॉकअप फुकट बदललेस!”

मीही हसलो. दुसरं काय करणार? पण खरं सांगतो. हेवा वाटला मला तिचा. साधासुधा नाही, दुपारचं जेवण न जाण्याइतका.

पेणपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव. घरात तीन पिढ्या गणपतीच्या मूर्ती घडतात. आप्पांनी दोन्ही मुलांची नावंही गणपतीचीच ठेवली, मी मोरेश्वर आणि धाकटा हेरंब. हात मात्र एकालाच मिळाला. आमच्या धंद्यात माती कुणीही मळतो, साच्यात कुणीही दाबतो, रंगाचा फवाराही शिकता येतो. डोळ्यांची आखणी मात्र येते किंवा येत नाही. अठराव्या वर्षी आप्पांनी माझ्यापुढे बारा मूर्ती ठेवल्या आणि हातात ब्रश दिला. संध्याकाळपर्यंत बाराही गणपती वेगवेगळ्या दिशांना बघत होते. आप्पा रागावले नाहीत. माझ्या हातातला ब्रश त्यांनी काढून घेतला, धुतला आणि पंधरा वर्षांच्या हेरंबला दिला. ते रागावले असते तर मी विसरलो असतो.

पुढे काही वर्षांनी एका मासळीवाल्याची ही जुनी डिझेल पिकअप आमच्याकडे आली आणि तिची किल्ली माझ्या हातात पडली. गाडीतला मासळीचा वास घालवायला मला दोन पावसाळे लागले. तिचं इंजिन मी याच अंगणात, आंब्याच्या फांदीला साखळी बांधून उतरवलं आणि चढवलं. हौद्याला लाकडी फळ्या ठोकल्या, पावसाला ताडपत्रीची कमान केली. डिझेल कुठल्या बाजूनं भरतात, हेसुद्धा हेरंबला माहीत नव्हतं. त्याच्याकडे डोळे होते, माझ्याकडे गाडी. वाटणी मला मान्य होती. आता त्याच्या बायकोनं माझ्या वाट्यात हात घातला होता.

त्या रात्री जेवताना मी पहिलीच भाकरी चिवडत बसलो होतो. माझी बायको रजनी भाकरी वाढता वाढता म्हणाली, “पोटात दुखतंय का?”

“नाही.”

“दुखतंय. पण त्याला ओवा चालत नाही.” आणि हसत आत गेली.

आषाढ लागायला तीन आठवडे होते. आषाढात आमचा माल पुण्याला जायला लागतो. शाडूची मूर्ती भट्टीत भाजत नाहीत, नुसती वाळवतात. त्यामुळे ती दिसायला दगडासारखी आणि स्वभावानं पापडासारखी. आदल्या वर्षी घाट चढेपर्यंत माझ्या गाडीत एकवीस मूर्ती तडकल्या होत्या. कुणाची सोंड, कुणाचं बोट. मी रस्त्याला दोष दिला होता आणि आप्पांनी तो ऐकून घेतला होता.

शॅकलचं बुश बदलून झालं आणि आवाज गेला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आप्पांनी विषय काढला. मला नाही, तिला विचारलं. “वृंदा, ही गाडी एवढी उडते का गं?”

तिनं आधी माझ्याकडे बघितलं. “भाऊजींना माहीत असेल.”

“त्याला अकरा वर्षं माहीत आहे. तू सांग.”

ती उठली, गाडीमागं जाऊन वाकली आणि पाटे मोजले. पाटे म्हणजे चाकावर गाडीचा भार तोलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. तिनं ते पुन्हा एकदा मोजले. मग हळूच म्हणाली, “सात आहेत. हा सातवा कंपनीचा वाटत नाही.”

“मी घातलाय,” मी म्हणालो. “पहिल्याच वर्षी. मजबुतीला.”

आता तिला थांबायचं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण आप्पा वाट बघत होते.

“गाडी एक टनाची आहे, आप्पा. विटा नाहीतर वाळू भरली की पाटे दबतात आणि गाडी मऊ चालते. आपल्या मूर्ती भरल्या तरी अर्धा टनसुद्धा होत नाही. पाटे दबतच नाहीत. मग प्रत्येक खड्डा सरळ मूर्तीला लागतो. त्यात सातवा पाटा म्हणजे…” ती अडखळली. “मजबुती जास्त झाली.”

आप्पांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अकरा वर्षं मी अभिमानानं सांगत आलो होतो, की माझ्या गाडीला सात पाटे आहेत. मूर्ती मीच तडकवत होतो. आणि ते घरच्या नव्या सुनेनं चहाच्या कपावर सांगितलं.

“काय करावं लागेल?” आप्पांनी विचारलं. पुन्हा तिलाच.

“सातवा काढायचा. खालून आणखी एक काढायचा. राहिलेले घासून ग्रीस लावायचं. हौद्यात तळाला वाळूची पोती आणि त्यांच्यावर फळ्या, म्हणजे भार खाली राहील. आणि मागच्या चाकांत हवा कमी.”

“करा दोघं मिळून,” आप्पा म्हणाले. “मोऱ्या, ती सांगेल तसं कर.”

ती सांगेल तसं. तेवढे तीन शब्द मी पुढचे दहा दिवस चघळत होतो.

काम मात्र झकास चाललं, हे कबूल केलं पाहिजे. जॅक लावून गाडी उचलली, चारी बाजूंना लाकडी ठोकळे दिले. पाटे चाकांच्या आसाला आवळून धरणारे यू-बोल्ट गंजून बसले होते. मी हातोडा उचलला तर ती म्हणाली, “भाऊजी, आज नुसतं डिझेल ओतून ठेवू. उद्या आपोआप येतील.” उद्या आले. आप्पांनी तिला साडी सोडून पंजाबी ड्रेस घालायला सांगितला. आमच्या आळीत तेव्हा ती मोठीच बातमी होती. ती ड्रेसवर हेरंबचा जुना शर्ट चढवून गाडीखाली शिरायची. दर वेळी आधी विचारायची, “भाऊजी, करू ना?” त्या विचारण्याचाच मला राग यायचा. तिनं उद्धटपणा केला असता तर मी तिला एका दिवसात अंगणाबाहेर काढली असती.

एकदा दोघंही काळे हात घेऊन पायरीवर बसलो होतो. ती म्हणाली, “इंजिन किती छान ठेवलंय तुम्ही. बाबांना दाखवायला पाहिजे.” मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आणि आपल्याला हिच्या बोलण्यानं बरं वाटलं, म्हणून अर्ध्या मिनिटात पुन्हा अंगाचा तिळपापड झाला.

आप्पा आता दिवसातून दोनदा अंगणात येऊ लागले. एके दिवशी तारेच्या ब्रशनं घासून लख्ख केलेला पाटा त्यांनी हातात घेतला, उन्हात फिरवून बघितला आणि म्हणाले, “हात आहे हो वृंदा, तुला.”

आमच्या घरात हे वाक्य आप्पांनी तोवर एकाच माणसाला म्हटलं होतं. तो कानावर ब्रश अडकवून आत बसला होता. मी पायाशी पडलेला ग्रीसचा डबा उचलला आणि विहिरीवर हात धुवायला गेलो. हात बराच वेळ धूत राहिलो.

आमच्याकडे एक रीत आहे. वर्षाचा पहिला माल निघण्याआधी चाचणीचा गणपती जातो. डोळे न काढलेली, रंग न लावलेली एक मूर्ती हौद्यात ठेवायची, वीटभट्ट्यांवरून जाणाऱ्या फुटक्या रस्त्यानं फाट्यापर्यंत न्यायची आणि परत आणायची. मग आप्पा तिच्यावर पाण्याचा ब्रश फिरवतात. कुठं केसाएवढा जरी तडा गेला असला तरी तिथं पाणी आधी मुरतं आणि काळी रेघ उमटते. डोळे काढलेले नसतात, म्हणजे ती अजून मातीच, तिला तडा गेला तर दोष नाही. मूर्ती शाबूत आली की दुसऱ्या दिवसापासून माल भरायचा.

चाचणी गुरुवारी, दुपारी चार वाजता ठरली. सकाळी वृंदानं मागच्या दोन्ही चाकांतली हवा वडिलांनी दिलेल्या छोट्या नळीनं मोजली, थोडी सोडली, पुन्हा मोजली. “अठ्ठावीस पौंड,” ती आप्पांना म्हणाली. “एवढीच ठेवायची.”

“अठ्ठावीस,” आप्पांनी शाळेतल्या मुलासारखं म्हणून दाखवलं.

दुपारी सगळे आडवे झाले. मी ओसरीवर पडलो होतो, झोप कसली येते. समोर गाडी उभी होती. माझी गाडी, पण तिच्यात माझं म्हणून इंजिनाशिवाय काही उरलं नव्हतं. आज मूर्ती शाबूत आली, की आप्पा सगळ्या आळीला सांगणार, सुनेनं केलं. मग पुढच्या वर्षी इंजिनालाही तीच हात लावणार. मग मी कोण? माती मळणारा?

मूर्ती रंगवायला आमच्याकडे हवेचा कॉम्प्रेसर आहे. सीझनमध्ये तो दिवसभर भकभकत असतो, कुणी लक्ष देत नाही. मी उठलो, तो चालू केला, त्याची नळी मागच्या चाकांपर्यंत ओढली आणि दोन्ही चाकं टणक होईपर्यंत हवा भरली. चार मिनिटांचं काम. वाईट वाटलं वगैरे काही नाही. उलट कितीतरी दिवसांनी मला हलकं वाटलं. यात कुणाला इजा नव्हती, गाडीचं नुकसान नव्हतं. फक्त एका मातीच्या गणपतीला तडा जाणार होता आणि आप्पांना कळणार होतं, की चार महिन्यांत कुणी मेकॅनिक होत नसतं.

चार वाजता निघालो. आप्पा माझ्या शेजारी बसले. वृंदानं हौद्यात मूर्तीजवळ बसायचा हट्ट धरला. मी नेहमीसारखीच गाडी चालवली. खड्डे चुकवले नाहीत, पण मुद्दाम शोधलेही नाहीत. वीटभट्टीच्या उतारावर गाडी दाणकन आपटली, तेव्हा मी आरशात बघितलं. वृंदा मूर्तीकडे बघतच नव्हती. हौद्याच्या कडेवरून वाकून ती चाकाकडे बघत होती.

अंगणात परत आलो. आप्पांना ब्रश फिरवायची गरजच पडली नाही. सोंडेच्या वळणावर तडा उघडा दिसत होता आणि उजव्या हाताची दोन बोटं पेंढ्यात पडली होती.

हेरंब बाहेर आला, रजनी आली. मी चेहरा शक्य तेवढा गंभीर केला होता. आता आप्पा तिला काय म्हणतात, याची मी वाट बघत होतो.

आप्पा माझ्याकडे वळले.

“संपलं, मोऱ्या. ही गाडी विकून टाकू.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“गेल्या वर्षीच ठरवलं होतं मी,” आप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. “एकवीस मूर्ती फुटल्या तेव्हाच. पेणच्या टेम्पोवाल्याशी बोलणंही झालं होतं. ही पोरगी आडवी आली. म्हणाली, आप्पा, भाऊजींचा जीव आहे त्या गाडीत, ती गेली तर त्यांनी घरात करायचं काय? मला एक महिना द्या, मी त्यांच्याबरोबर बसते, गाडी नीट करून देते. म्हटलं ठीक आहे, चाचणीचा गणपती ठरवेल. ठरवलं त्यानं.” आणि ते फोनकडे निघाले. आमच्याकडे नुकताच फोन आला होता, ओसरीच्या कोनाड्यात.

मी तिथंच उभा राहिलो. म्हणजे ती माझी गाडी घ्यायला आली नव्हती. ती माझी गाडी वाचवायला आली होती. आणि मी माझ्याच हातानं, कॉम्प्रेसर लावून, गाडीची विक्री ठरवली होती.

बोलायला पाहिजे होतं. एकच वाक्य होतं. आप्पा, हवा मी भरली. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, शपथेवर सांगतो. पण हेरंब तिथं उभा होता. रजनी होती. वृंदा होती.

वृंदा मागच्या चाकापाशी बसली. अंगठ्यानं टायर दाबून बघितला. मग शर्टाच्या खिशातून ती छोटी नळी काढली आणि व्हॉल्व्हला लावली. आकडा वाचला. मग तिनं कॉम्प्रेसरकडे बघितलं. त्याची नळी मी गुंडाळून ठेवली होती, पण रोजच्या खिळ्यावर नाही. आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं.

तिला कळलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी जमिनीकडे. ओसरीवर आप्पा फोनची तबकडी फिरवत होते. पहिला आकडा, दुसरा, तिसरा. तेव्हाच्या फोनला किती वेळ लागायचा!

“आप्पा,” वृंदा म्हणाली. “थांबा. चूक माझी आहे.”

आप्पांनी तबकडीवरचं बोट काढलं.

“हवा जास्त झालीये. सकाळी तुमच्यासमोर मोजली आणि नंतर मला शंका आली, म्हणून दुपारी पुन्हा भरली. मोजायची विसरले. पंचावन्न आहे. एवढ्या हवेत कुठलीही मूर्ती फुटेल. गाडीचा दोष नाही.”

आप्पांना ती बोलते ते खरं वाटलं. खोटं का वाटावं? ते अंगणात आले आणि मी त्यांना इतकं चिडलेलं फार क्वचित पाहिलं होतं. “विसरलीस? शंका आली होती तर भाऊजींना विचारायचं नाही? अंगात आलं होतं का तुझ्या? मीच चढवून ठेवली तुला!”

“हो, आप्पा.”

“अगं, एवढी दहा दिवसांची मेहनत!”

“हो. उद्या पुन्हा चाचणी घ्या. एकदाच.”

आप्पांनी पेंढ्यात पडलेली दोन बोटं उचलली. मग म्हणाले, “घेऊ. पण हवा मोऱ्या भरेल. तू आता गाडीला हात लावू नकोस. उद्यापासून आत माती मळायला बस.”

ती मान खाली घालून आत गेली. हेरंब तिच्या मागोमाग गेला आणि आतून त्याचाही आवाज चढलेला मला ऐकू आला. तिचा आला नाही.

रात्रभर मला काय वाटलं असेल, असं तुम्ही विचाराल. लाज वाटली, हे सांगायला नको. पण खरं सांगायचं तर त्या लाजेखाली हेवा तसाच होता, उलट वाढलेला. मला अंगावर घेता आलं नाही ते तिनं माझ्यासमोर सहज अंगावर घेतलं. यातही तीच पुढे. आता मी कधीतरी तिच्या बरोबरीला येईन, अशी सोयच तिनं ठेवली नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी दोन्ही चाकांतली हवा सोडली. तिची नळी रजनीच्या हाती मागवली आणि मोजली. अठ्ठावीस. एक पौंड इकडे नाही, तिकडे नाही. नवी मूर्ती ठेवली आणि त्याच रस्त्यानं गेलो. त्याच उतारावर गाडी नुसती झुलली. अकरा वर्षांत ती गाडी तशी चालल्याचं मला आठवत नव्हतं. शेजारी आप्पा काचेतून बाहेर बघत होते आणि त्यांनी दोन वेळा मान डोलावली.

परत आल्यावर आप्पांनी ब्रश बुडवून मूर्तीवर पाणी फिरवलं. सोंड, हात, कान, किरीट. मूर्ती सगळीकडे सारखी ओली झाली. कुठंही रेघ उमटली नाही. त्यांनी पुन्हा एकदा फिरवलं. मग ब्रश ठेवला, माझ्या पाठीवर ओला हात टेकवला आणि शेजारचे दोघंतिघं जमले होते, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “शेवटी माहितगार माणसाचा हात लागला, तेव्हा जमलं.”

या एका वाक्यासाठी मी सोळा वर्षं थांबलो होतो. ते आलं, सगळ्यांसमोर आलं आणि मी ते घेतलं. मान किंचित खाली घालून, हसून घेतलं.

दुपारी मी कारखान्याच्या मागच्या पडवीत गेलो. वृंदा मातीचा गोळा मळत बसली होती. कोपरापर्यंत हात पांढरे झाले होते. मला बघून तिनं पाट पुढे सरकवला, पण मी बसलो नाही.

“का घेतलंस अंगावर?” मी विचारलं.

तिनं मळणं थांबवलं नाही. “आप्पांनी चौथा आकडा फिरवला होता, भाऊजी. मी तुमची वाट बघत होते. तुम्ही बोलाल असं वाटलं.”

“मी बोलणारच होतो.”

“हो का?” ती म्हणाली. त्यातही टोमणा नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

आत हेरंब काहीतरी गुणगुणत रंग कालवत होता.

“गाडी राहिली, बरं झालं,” ती म्हणाली. “माती मळायचंही मला काही नाही. आप्पा बोलले त्याचंही नाही. पण यांनासुद्धा वाटतंय, की मी चढेल आहे. माझ्या बाबांनी मला असं काम शिकवलं नाही, की मोजायचं विसरेन. ते त्यांच्या कानावर गेलं तर त्यांना फार लागेल.” तिनं गोळा उलटा केला आणि दोन्ही मुठींनी दाबला. “तुम्हांला जमेल तेव्हा, एकदा सांगा आप्पांना. आज नाही तरी चालेल.”

“आजच सांगतो,” मी म्हणालो. “संध्याकाळी.”

तिनं मान वर केली. पहिल्यांदाच हसली. “बसा ना मग. चहा ठेवते.”

ती गाडी आणखी नऊ वर्षं चालली. एकही मूर्ती तडकली नाही. पेणपासून लोक त्यांच्या पिकअप घेऊन माझ्या अंगणात येऊ लागले, पाटे कमी करून घ्यायला, आणि मी सगळ्यांना हवा अठ्ठावीस ठेवायला सांगायचो. वृंदा ओसरीवरून त्यांना पाणी आणून द्यायची. मी आप्पांना सांगितलं का, हे तिनं मला कधी विचारलं नाही. आप्पा त्या दिवसानंतर अकरा वर्षं जगले.